कोणाकडे जाणार?

गेल्या पंधरवड्यांतील गोष्ट. दिवेलागण होऊन मुलांचें शुभंकरोति आटोपलें होतें आणि आमची धाकटी नात नकाशांचें पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. आशिया खंडाच्या पूर्व टोकाशीं बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, एवढासा हा देश. मग कोरिया दोन कां?" पस्तीस वर्षें वर्गांत खडू झिजविलेल्या माणसाजवळ असल्या प्रश्नाचें उत्तर तयार असतें. मी म्हटलें, "वाटणी झाली, बाळ." तिनें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "पण मागितली कोणीं?"

वाचकहो, ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं. वाटणी हा विषय आपणां एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस अपरिचित नाहीं. भाऊ वाढतात, चुली वाढतात, आणि एके दिवशीं कोणी तरी तो शब्द तोंडाबाहेर काढतो. परंतु तो काढणारा घरचाच असतो. त्याला दोष देतां येतो, त्याची समजूत घालतां येते, पुढें मन पालटल्यास तो आपला शब्द मागेंहि घेऊं शकतो. घरांतल्या एकानेंहि न मागितलेली वाटणी परक्यांनीं येऊन करून द्यावी, हा प्रकार अगदीं निराळा. गेल्या शतकांत तो एका देशाच्याच नव्हे, तर सबंध खंडाच्या वांट्यास आला. त्याविषयीं चार शब्द ह्या महिन्यांत लिहावे असें मनांत आलें.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां पश्चिमेकडून अमेरिका, इंग्लंड व फ्रान्स यांच्या फौजा आणि पूर्वेकडून रशियाची फौज जर्मनीच्या मध्यावर येऊन ठेपली होती. जिंकलेल्या देशाचे चार हिस्से झाले. राजधानी बर्लिन हिचेहि चार झाले. काल शत्रूविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या मित्रांना आज एकमेकांचें भय वाटूं लागलें. एकानें संरक्षणासाठीं बांधलेली तटबंदी दुसऱ्यास चढाईची तयारी भासे, आणि दुसऱ्याची तयारी पाहून पहिला आपला तट आणखी उंच करी. १९४९ सालीं जर्मनीचीं दोन राज्यें झालीं. त्याच वर्षीं अमेरिकेच्या पुढाकारानें नाटो हा लष्करी करार झाला. १९५५ सालीं रशियानें पूर्व युरोपांतील राष्ट्रांस वॉर्सा करारांत गोंविलें. तेरा ऑगस्ट १९६१ रोजीं बर्लिनचे लोक सकाळीं उठून पाहतात तों शहराच्या मधोमध तारांचें कुंपण! पुढें त्याचीच भिंत झाली, आणि ती अठ्ठावीस वर्षें टिकली. एकाच गल्लींतील मुलगी एका राज्यांत आणि तिची आई दुसऱ्या राज्यांत, अशी स्थिति झाली.

युरोपांतील ह्या दुभंगाची कथा आपण पुष्कळ वेळां ऐकली आहे. परंतु त्याच वैराची एक रेघ आपल्या आशिया खंडांतहि ओढली गेली, आणि तिच्या कांठीं कांहीं महिने आपलीं माणसें उभीं होतीं, हें आमच्या तरुण वाचकांस फारसें ठाऊक नसावें.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यांत होता. ऑगस्ट १९४५ मध्यें जपान शरण येणार असें दिसूं लागलें, तेव्हां तेथील जपानी फौजेचीं शस्त्रें कोणीं कोठें खालीं ठेवून घ्यावयाचीं हा प्रश्न निघाला. रशियाचें सैन्य उत्तरेकडून उतरत होतें. अमेरिकेचें अद्याप दूर होतें. दहा ऑगस्टच्या रात्रीं वॉशिंग्टन येथें डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील नांवाच्या दोन लष्करी अधिकाऱ्यांस अर्ध्या तासांत तोडगा काढण्यास सांगण्यांत आलें. त्यांच्यापुढें ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा एक नकाशा होता. त्यावरील अडतिसावें अक्षवृत्त त्यांनीं सुचविलें, कारण राजधानी सोल त्यामुळें आपल्या बाजूस राहत होती. रशियानेंहि तें मान्य केलें. डोंगर, नदी, गांवची शीव, कोणाची सासुरवाडी, कशाचाच त्या रेघेला विचार नव्हता. असावा अशी अपेक्षाहि नव्हती, कारण ती तात्पुरती होती. तीन वर्षांनीं, १९४८ सालीं, तिच्या दोन अंगांस दोन राज्यें उभीं राहिलीं. २५ जून १९५० रोजीं उत्तरेचें सैन्य ती ओलांडून खालीं उतरलें. अमेरिका दक्षिणेच्या साह्यास आली, चीन उत्तरेच्या. तीन वर्षें रक्तपात होऊन २७ जुलै १९५३ रोजीं तहकुबी झाली, तेव्हां सीमा जवळजवळ होती तेथेंच होती. नातीच्या प्रश्नाचें खरें उत्तर एवढेंच कीं, कोरियांत ती वाटणी कोणींच मागितली नव्हती.

आमच्या वऱ्हाडाला परक्यांच्या रेघा नवीन नाहींत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अडगांवच्या मैदानांत भोसल्यांचा मोड झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेस देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनीं सोडला. तो निजामाकडे गेला. महिनाअखेरीस शेजारच्या सुर्जी अंजनगांवीं शिंद्यांचाहि तह झाला. वर्धेकांठच्या कुणब्याला किंवा जोशाला कोणीं विचारलें नाहीं कीं, बाबा, तुला कोणाचें राज्य हवें? परंतु, वाचकहो, न विचारण्यांतहि एक सोय होती. वर्धेच्या दोन्ही तीरांवर भाषा एक राहिली, सोयरीक चालू राहिली, पूर्वेची लेक पश्चिमेस नांदूं लागली. जुन्या राजांना महसूल हवा होता. तो मिळाला म्हणजे रयतेच्या मनाशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. गेल्या शतकांतील महासत्तांना महसूल नको होता. त्यांना मनुष्याचें मन हवें होतें. आपलें राज्य बरें कीं दुसऱ्याचें, हें त्यानें स्वतःच्या तोंडानें जगापुढें सांगावें असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट कोरियांतील युद्धकैद्यांच्या प्रकरणांत जितकी उघड झाली तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल.

तहकुबीचीं बोलणीं जुलै १९५१ मध्येंच सुरू झालीं होतीं. सीमेचा निकाल लागला, देखरेखीचा लागला. शेवटीं सारें अडलें तें कैद्यांवर. युद्ध थांबतांच कैदी परत करावे, हा जिनीव्हा कराराचा नियम. चीन व उत्तर कोरिया म्हणत, नियमाप्रमाणें सर्व कैदी परत द्या. अमेरिका म्हणे, ज्याला जावयाचें नाहीं त्याला बळेंच कसें पाठवावें? प्रत्येकाला विचारा. विचारण्यांत न्याय होता, हें मी नाकारीत नाहीं. कित्येक दक्षिणेकडचे तरुण उत्तरेच्या फौजेंत धरून नेलेले होते. कित्येक चिनी शिपाई पूर्वी चँग कै-शेकच्या सैन्यांतले होते. परंतु विचारणारा तटस्थ नव्हता, आणि ऐकणारेहि मोकळे नव्हते. छावण्यांमध्यें कैद्यांचेच तट पडले. एक तट दुसऱ्यास रात्रीं मारझोड करी. कित्येकांच्या अंगावर कम्युनिस्टांविरुद्ध घोषवाक्यें गोंदविण्यांत आलीं, म्हणजे परत जाण्याची वाटच खुंटली. ह्या एका वादासाठीं लढाई वर्षाहून अधिक काळ चालू राहिली, आणि कैद्यांनीं कोणाकडे जावें हें ठरेपर्यंत मोकळीं माणसें मरत राहिलीं.

ह्या गुंत्यांतून वाट काढण्यासाठीं भारतानें संयुक्त राष्ट्रसंघापुढें ठराव मांडला. तो ३ डिसेंबर १९५२ रोजीं संमत झाला. पुढें जून १९५३ मध्यें उभय पक्षांनीं जी योजना मान्य केली, तीनुसार परत जाण्यास नाकबूल असलेले कैदी पांच तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाच्या स्वाधीन करावयाचे होते. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया हे सभासद, आणि अध्यक्षपद भारताकडे. कैद्यांस सांभाळणारी फौजहि एकट्या भारताची. अध्यक्ष झाले जनरल थिमय्या. आणि त्या फौजेचे सेनापति होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापुराकडील वडगांवचे, आपले मराठी गृहस्थ. १९४५ च्या आरंभीं ब्रह्मदेशांत कांगॉच्या लढाईंत हे दोघे एकाच ब्रिगेडमध्यें शेजारशेजारच्या पलटणींचे नायक होते.

आम्हां अचलपूरकरांस ह्यांत आणखी एक दूरचा धागा आहे. थिमय्या मूळचे हैदराबाद रेजिमेंटचे. तिलाच १९४५ पासून कुमाऊं रेजिमेंट म्हणतात. त्या रेजिमेंटच्या उगमाशीं ज्या जुन्या पलटणी आहेत, त्यांत एलिचपूरचा नवाब सलाबतखान यानें उभारलेल्या पलटणीहि आहेत. एलिचपूर म्हणजे हेंच आमचें अचलपूर. दोन तहांच्या काळांत येथें उभी राहिलेली शिपायांची परंपरा दीडशें वर्षांनीं दुसऱ्यांच्या वाटणींत पंच म्हणून उभी राहिली, हा योगायोग मला विचार करण्यासारखा वाटतो.

पंचाचें काम किती अवघड हें पहिल्याच दिवशीं कळून आलें. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनीं भारतीय शिपायाचें पाऊल आपल्या भूमीस लागूं देणार नाहीं असें जाहीर केलें. तेव्हां आपले पांच-सहा हजार लोक बोटींवरून उचलून हेलिकॉप्टरांनीं थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यांत उतरविण्यांत आले. तेथें दक्षिणेकडील बाजूनें २२,६०४ कैदी त्यांच्या हवालीं झाले आणि उत्तरेकडील बाजूनें ३५९. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनीं आपला एक अधिकारी कुंपणाच्या आंत ओढून धरून ठेवला. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावांत शिरले, त्यांच्याशीं बोलले, आणि एक गोळी न झाडतां आपला माणूस बाहेर घेऊन आले. ह्या धैर्याबद्दल त्यांस अशोकचक्र, वर्ग दुसरा, हें पदक मिळालें. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

नंतर तंबू उभे राहिले. नियम असा होता कीं, नव्वद दिवस प्रत्येक कैद्याच्या देशाच्या प्रतिनिधींनीं त्याला तंबूंत बोलावून, घरीं परत येण्यांत भय नाहीं, हें समजावून सांगावें, तटस्थांनीं ऐकावें, आणि मग कैद्यानें ठरवावें. तंबूला बाहेर जाण्याचीं दारें दोन. एका दारानें गेला तर मायदेशीं. दुसऱ्यानें गेला तर परत कुंपणांत. दार निवडलें म्हणजे आयुष्य निवडलें. एका दारापलीकडे आईबाप, बायकोमुलें आणि कदाचित् शिक्षा. दुसऱ्यापलीकडे कदाचित् सुटका, पण घरचें तोंड पुन्हां दिसण्याची आशा नाहीं. कोणी समजावून सांगणाऱ्यांवर थुंकले, कोणी रडले, कोणी कानांवर हात ठेवून ओरडत राहिले. कधीं कैदी तंबूंत येईनात, कधीं दोन पक्षांचें वेळापत्रकावरून जुळेना. नव्वद दिवस सरले तरी बहुतेकांपर्यंत तें समजावणें पोंचलेंच नाहीं. दक्षिणेकडून आलेल्यांपैकीं ६२८ जण मायदेशीं गेले. उत्तरेकडून आलेल्यांपैकीं अवघे १०. बाकीचे जवळजवळ सारे जानेवारी १९५४ मध्यें ज्यांनीं आणले त्यांच्याच हवालीं करण्यांत आले.

येथें मला घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

आमच्या आजोबांच्या पश्चात् वडील व काका यांची वाटणी झाली तेव्हां मी नऊ-दहा वर्षांचा होतों. शेतें मोजलीं, भांडीं तोललीं, वाड्याच्या चौकांत भिंत घालण्याचें ठरलें. देव्हाऱ्यांतले देवहि वाटले गेले. बाळकृष्ण आमच्याकडे आला, अन्नपूर्णा काकांकडे गेली. विहीर कापतां येईना म्हणून ती तेवढी सामाइक राहिली. शेवटीं उरली आमची आत्या. ऐन तारुण्यांत वैधव्य येऊन ती माहेरीं परतलेली; दोन्ही भावांचीं मुलें तिनेंच न्हाऊं-माखूं घातलेलीं. पंच भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "आक्का, तुमच्यावर कोणाची सक्ती नाहीं. तुम्हीच सांगा, कोणाकडे राहणार?" तिला विचारलें गेलें ह्यांत तिचा मान झाला असेंच सर्वांस वाटलें. आईनें मला हळूच पुढें ढकललें. मी तिचा पदर धरून म्हटलें, "आत्या, आमच्याकडे ये ना." दुसऱ्या बाजूनें माझा चुलतभाऊ तेंच म्हणत होता, त्यालाहि तसेंच शिकविलेलें असावें.

तिनें माझ्याकडे पाहिलें, त्याच्याकडे पाहिलें. उत्तर दिलें नाहीं. उठून विहिरीवर गेली, दोन घागरी भरल्या, एक आमच्या स्वयंपाकघरांत ठेवली, एक काकांच्या. आठवड्याभरानें ती कारंज्याला मावसबहिणीकडे ‘चार दिवस’ म्हणून गेली, ती पुन्हां राहावयास आलीच नाहीं. मुंजी-लग्नांना येई, पाहुण्यांच्या पंगतींत बसे, सांजवेळीं भिंतीच्या दोन्ही बाजूंस सारखा वेळ बसून दुसऱ्या दिवशीं निघून जाई. मी तिला वावगें कांहीं बोललों नव्हतों. प्रेमानेंच बोललों होतों. परंतु तिला घरांतून भिंतीनें घालविलें नाहीं. त्या प्रश्नानें घालविलें, आणि त्या प्रश्नांत माझाहि एक आवाज होता, हें समजावयास मला चाळिशी उलटावी लागली.

आतां कोरियाकडे वळूं. त्या सहस्रावधि कैद्यांत अठ्ठ्याऐंशी माणसें अशीं निघालीं कीं त्यांनीं दोन्ही दारें नाकारलीं. ७६ कोरियन आणि १२ चिनी. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, फोर्मोसा नको. आम्हांला तिसऱ्या कोठल्या तरी देशांत जाऊं द्या, असें ते म्हणाले. फेब्रुवारी १९५४ मध्यें आपल्या फौजेबरोबर ते बोटीनें मद्रासेस उतरले आणि कांहीं काळ दिल्लीस राहिले. पुढें त्यांतले पुष्कळसे ब्राझीलला गेले, कांहीं अर्जेंटिनाला. थोडे येथेंच राहून येथलेच झाले. कोरियन भाषेंतील ‘चौक’ ह्या अर्थाच्या नांवाची चोइ इन-हुन यांची १९६० सालची कादंबरी अशाच एका कैद्याविषयीं आहे. त्यांतील भारतीय बोटीचें नांव लेखकानें ‘टागोर’ असें ठेविलें आहे. पण तो नायक तिसऱ्या देशाच्या किनाऱ्यास लागत नाहीं, वाटेंतच समुद्रांत नाहींसा होतो. ज्यांनीं ती कथा वाचली त्यांना कळलें असेल कीं, कोणाचाच पक्ष न घेणें ही मोकळीक दिसते, परंतु तिच्यांत घर नाहीं.

वर्गांत महाभारत शिकवितांना मुलें हमखास एक प्रश्न विचारीत: बलराम युद्ध सोडून तीर्थयात्रेस गेला, तो भ्याला कां? भीमहि त्याचाच शिष्य, दुर्योधनहि त्याचाच. मी सांगत असें कीं, दोन्हीकडे आपलेंच माणूस असलें म्हणजे पक्ष न घेणें हा भेकडपणा नव्हे. थोरात-थिमय्यांचें काम मला बलरामाहून एका पायरीनें अवघड वाटतें. बलराम दूर निघून गेला. आपले शिपाई दोघांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोघांचेहि बोल त्यांनीं खाल्ले. त्यांच्या हातून सर्व कैद्यांस न्याय मिळाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु जे अठ्ठ्याऐंशी जण ‘कोणाकडेच नाहीं’ म्हणाले, त्यांचें तें उत्तर त्यांनीं उत्तर म्हणून ऐकून घेतलें आणि त्यांना आपल्याबरोबर आणलें. दोन महासत्तांच्या त्या भांडणांत एवढें करणारें दुसरें कोणी नव्हतें.

नऊ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत उघडली. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं दोन जर्मनी एक झाल्या. रशियाचा तो महासंघहि १९९१ अखेर मोडला. ज्या वैरासाठीं रेघा ओढल्या तें वैर संपलें, पण कोरियाची रेघ राहिली. तेथें अजून तहकुबीच आहे, तह झालेला नाहीं. पलीकडील आप्तांस भेटावें म्हणून दक्षिणेंत एक लाख तीस हजारांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. त्यांतले बहुतेक आतां ह्या जगांत नाहींत. थोड्या जणांच्या भेटी घडल्या, त्याहि दोन-तीन दिवसांच्या. ऑगस्ट २०१८ नंतर त्याहि झाल्या नाहींत. नव्वदीची आई सत्तरीच्या मुलाचा हात हातांत घेऊन बसते आणि मोटार सुटण्याची वेळ झाली म्हणजे कांचेवर तळवा टेकते, तीं चित्रें आपण पाहिलीं असतील.

दुसऱ्या दिवशीं नातीला मी सांगितलें, "मागितली कोणींच नाहीं. म्हणूनच ती मिटत नाहीं. मागणाऱ्याला, ‘परत घे’ म्हणून सांगतां तरी आलें असतें." तिला तें कितपत कळलें कोण जाणे. तिनें विचारलें, "मग त्या अठ्ठ्याऐंशी जणांना ‘आमच्याकडे या’ असें कोणीच म्हणालें नाहीं?" मी म्हटलें, "सगळे तेंच म्हणत होते, बाळ."

आमच्या वाचकांच्या घरांतूनहि आज ना उद्यां वाटण्या होतील; काळच तसा आहे, आणि त्यांत सर्वस्वीं वाईट असें कांहीं नाहीं. शेतें मोजावीं, भांडीं तोलावीं, भिंतहि घालावी. परंतु घरांतल्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला मध्यें उभें करून, "कोणाकडे राहणार?" असें कोणीं विचारूं नये, प्रेमानें तर मुळींच विचारूं नये. दोन्ही दारें तुमचींच आहेत, वाटेल तेव्हां वाटेल त्या दारानें या, एवढें सांगून गप्प बसावें. आमच्या आत्याला हें कोणीं सांगितलें असतें तर ती कारंज्याला गेली नसती. आमच्या चौकांतली भिंत अजून आहे. विहिरीला आतां दोन्ही बाजूंनीं पंप बसले आहेत, पण पाणी एकच आहे.